'झपाटलेलं घर' हे मराठी आहे का?

कंदीलवाला
एका इंग्रजी भूतरहस्यकथेचा अनुवाद चालू आहे. जुनं घर, नवं बिऱ्हाड, रात्री माडीवर पावलं वाजतात, शेवटी कारण भौतिक निघतं. 'हॉन्टेड हाउस'साठी सगळीकडे 'झपाटलेलं घर' वापरलं होतं. संपादकांनी समासात शेरा मारलाय: "झपाटतो तो माणूस. घर कसं झपाटेल?" त्यांनी सुचवलेली 'पछाडलेली वास्तू' मला त्याहून अवघड वाटते. आणि 'पोल्टरगाइस्ट'लाही एक शब्द हवाय, 'खट्याळ भूत' सोडून. तुम्ही काय वापरता?

तळकोकणी
संपादकांचं बरोबर आहे. झपाटणं, पछाडणं, धरणं, लागणं ही सगळी माणसाला होतात, फार तर गुराला. झपाटणं म्हणजे मुळात झडप घालणं. घरावर झडप घालून भूत काय कौलं नेणार?
जागेबद्दल आपल्याकडे विशेषण लावतच नाहीत, आडून बोलतात. 'त्या घरात काहीतरी आहे.' 'जागा बरी नाही.' 'ती वास्तू कुणाला लाभली नाही.' संवादात हेच ठेवा.
दुसरं, नुसतं 'भूत' असं गावात कुणी फारसं म्हणत नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा, राहायला पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण. पाण्यातला तो गिऱ्हा. वाट चुकवतो तो चकवा. देवचार तर त्रास द्यायला नसतोच, तो राखणीला. म्हणजे नाव घेतलं की कोण मेलं, कसं मेलं, कुठे वस्तीला आहे, सगळं एका शब्दात येतं. रहस्यकथेला हे मारक. पहिल्या पानावर 'मुंजा' लिहिलंत तर मेलेल्याचं वय आणि जात दोन्ही फुटली. माहिती मागे ठेवायची असेल तर पात्रांच्या तोंडी 'बाहेरचं' किंवा 'बाधा' एवढंच द्या.

शुद्धमती
'भूतबाधित वास्तू' किंवा 'पिशाचग्रस्त वास्तू'. व्याकरणशुद्ध, नेमके आणि आपले. 'हॉन्टेड' देवनागरीत लिहिण्यापेक्षा केव्हाही बरे.

आडवाट
पूरबाधित, प्रकल्पबाधित, भूतबाधित. तलाठी येऊन पंचनामा करील.
शनिवारवाड्याचं बघा ना. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा, वाड्याचा बराचसा भाग १८२८च्या आगीत गेला, पण 'काका, मला वाचवा' अजून ऐकू येतं म्हणतात. यादीवाले लेख त्याला 'झपाटलेला किल्ला' म्हणतात. पुण्यातला माणूस 'अमावास्येला आवाज येतो' म्हणतो आणि पुढे जातो. काही जण पौर्णिमा म्हणतात, तो वाद वेगळा. वाक्यात क्रियापद वापरा, विशेषणाचा हट्ट सोडा. शिवाय 'झपाटलेला' शब्द १९९३च्या चित्रपटानंतर भीतीचा राहिलाच नाही. वाचकाला बोलका बाहुलाच आठवतो.

मराठवाडी
पोल्टरगाइस्टला तयार शब्द आहे, भानामती. घरावर दगड पडणे, दोरीवरचे कपडे पेटणे, जेवणात घाण निघणे, अंगावर फुल्या उमटणे. लक्षणं हुबेहूब जुळतात.
एकच अडचण, पण ती कथेच्या मुळावर येणारी आहे. जर्मन शब्दात आवाज करणारं भूत आहे, भानामतीत भूत नाही. भानामती कुणीतरी 'करतं'. शब्द आला रे आला की गाव पहिला प्रश्न विचारतं, 'कुणी केली?' आणि वाचकही घरातल्या माणसांकडे बघायला लागतो. तुमच्या कथेत मागे माणूस नसेल तर शब्द चकवेल, असेल तर फोडेल.
फुल्यांचं रहस्य मात्र सुंदर जमतं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर तेव्हाच काही दिसेल असं नाही, फोड यायला बऱ्याचदा एखादा दिवस जातो. म्हणजे फुली 'उमटते' तेव्हा करणारा परगावी असू शकतो. पुरावा कापडावर राहतो. परीट पूर्वी कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरत, कारण डाग धुतल्याने जात नाही. तपास करणाऱ्याने फुल्या बघत बसू नये, घरातल्या सगळ्यांची बोटं आणि पदराची टोकं बघावीत.

कंदीलवाला
माझ्या कथेत माणूस नाही. भट्टीचा धूर घरात शिरतो आणि त्या विषारी वायूने भास होतात. म्हणजे भानामती बाद?

रसायनीकर
बाद. पण तुमचा शब्द 'बाधणे' हाच आहे, फक्त 'बाधित' नव्हे. 'हे घर बाधतं.' हवा बाधते, पाणी बाधतं, रात्रीचं दही बाधतं आणि भूतही बाधतं. पहिल्या प्रकरणात म्हातारी बोलली तर वाचक भूत समजेल, उलगड्यानंतर तेच वाक्य डॉक्टरच्या तोंडी घातलं तरी खरंच राहतं. इंग्रजी लेखकाला ही सोय नाही.
कथेचं मूळ बहुधा १९२१च्या एका नोंदीत असावं. विल्मर नावाच्या नेत्रवैद्याने अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापली होती. जुन्या मोठ्या घरात राहायला आलेलं कुटुंब, डोकेदुखी, पावलांचे आवाज, दिसणाऱ्या आकृत्या. भट्टी बिघडलेली होती, धूर धुराड्यातून जायचा तो घरात येत होता. कार्बन मोनॉक्साइड.
अनुवादात तीन गोष्टी तपासा. एक, या वायूला वास नसतो. 'विचित्र वास' लिहायचा तर तो धुराचा असू शकतो, वायूचा नाही. दोन, घरात असताना डोकं चढतं आणि बाहेर पडलं की उतरतं, आणि एकाच माणसाला होत नाही, मांजरही सुस्तावतं. हा दुवा मधेच कुठेतरी सहज टाकलेला हवा. तीन, रक्त लगेच घ्यावं लागतं. साध्या हवेत साधारण चार-पाच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, नळीने प्राणवायू दिला तर त्याहून लवकर. दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन तपासलं तर काही सापडणार नाही. उलगडा लांबवायला हे फार चांगलं निमित्त आहे.

तळकोकणी
हे परदेशी घरात चालेल. कंदीलवाला, अनुवादाऐवजी रूपांतर करून कोकणात आणायचा मोह होईल, तो टाळा. कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंतीच्या माथ्यावरून सतत हवा खेळते. चुलीचा धूर डोळ्यांत जाईल, पण वायू साठून पावलं ऐकू येण्याइतका मुक्काम करणार नाही. आणायचंच तर फ्लॅट घ्या. लहान बाथरूम, आत गॅस गीझर, खिडकी थंडीमुळे बंद.

रसायनीकर
गीझरने माणूस न्हाणीतच आडवा होतो, आठवडेभर भास होत नाहीत. रोज थोडा थोडा वायू हवा असेल तर बंद खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी, तीही बेताची. जास्त झाली की गूढकथा दुसऱ्या प्रकरणातच संपते.

आडवाट
'न्हाणी' आणि 'फ्लॅट' एकाच चर्चेत. वा.

मराठवाडी
अनुवादात मांत्रिक आहे का? असला तर त्याची बोली जपा. अंगात भूत आलेल्या माणसाला 'झाड' म्हणतात. 'झाड घुमायला लागलं, झाड बोललं.' हे नीट पेरलं नाही तर शहरी वाचक अंगणात झाड शोधत बसतो. आणि कथा २०१३ नंतरच्या महाराष्ट्रात घडत असेल तर मांत्रिकाने साखळीने बांधून मिरचीची धुरी दिली की तो थेट जादूटोणाविरोधी कायद्यात येतो. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, गुन्हा अजामीनपात्र. पोलीस नुसते बघत उभे आहेत असा प्रसंग लिहायचा तर त्यालाही कारण द्यावं लागेल.

कंदीलवाला
मांत्रिक नाही, पाद्री आहे. पण मी स्वतःची एक कथाही लिहितोय, तिथे मांत्रिक लिंबू कापतो आणि रक्त निघतं. सुरीला हळद लावली की होतं ना?

रसायनीकर
नाही! पुष्कळ कथांत ही चूक असते. हळद लाल होते ती चुन्याने, म्हणजे अल्काने. लिंबू आम्ल आहे, हळद पिवळीच राहील. सुरीच्या पात्यावर मिथिल ऑरेंजचं द्रावण वाळवून ठेवतात, ते आम्लात लाल होतं. प्रयोगशाळेतली बाटली कुणाच्या हाती आली, हा तुमचा दुवा. हळदच हवी असेल तर लिंबू बाजूला ठेवा आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायला लावा.

शुद्धमती
मूळ विषय शब्दांचा होता. मी वर 'पिशाच' लिहिले आहे, संस्कृतात एकच च आहे. मराठीत 'पिशाच्च' कुठून आले ते कळत नाही, पण छापील पुस्तकांतही तेच दिसते.

आडवाट
लोक उच्चार करतात तसं लिहितात, म्हणून आलं. 'पिशाच' वाचून भीती अर्धी होते, दुसऱ्या च वरच तर सगळा जोर आहे. आणि तुमचा संस्कृताचा निकष लावायचा तर समंध 'संबंध' लिहावा लागेल, जखीण 'यक्षिणी'. खवीस तर बोलूच नका, तो अरबी 'खबीस'. मराठी भुतांत शुद्ध मराठी शोधायला गेलात तर स्मशान ओस पडेल.

शुद्धमती
तत्सम आणि तद्भव यांतला फरक शाळेत शिकवतात. जखीण तद्भव आहे, ती तशीच लिहावी. पिशाच तत्सम आहे.

तळकोकणी
ह्या हिशेबाने गिऱ्हा काय? 'ग्रह' की 'ग्राह', म्हणजे मगर? पाण्यातला म्हणून मला ग्राह पटतो.

मराठवाडी
ग्रह. लहान मुलांना 'ग्रह लागतात' तेच. मगरीचा काय संबंध? आमच्याकडे गिऱ्हा कोरड्या आडातही असतो.

तळकोकणी
कोरड्या आडात असेल तर तो गिऱ्हा नव्हेच. तुम्ही झोटिंगाला गिऱ्हा म्हणताय.