वडिलांच्या दोन दुनळी बंदुकांपैकी हलकी जड का वाटते?

करवीरकर:

वडिलांच्या नावावरच्या बारा बोअरच्या दोन जुन्या इंग्रजी दुनळी बंदुका वारसाहक्काने माझ्याकडे येणार आहेत. माझ्या परवान्यावर एक रिव्हॉल्व्हर आधीच आहे, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येत असल्यामुळे या दोहोंपैकी एकच मला ठेवता येईल. शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपलेला आहे; बंदुकीचा उपयोग क्लबच्या रेंजवर, हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्यांवर महिन्यातून एकदोनदा, एवढाच आहे.

पहिली बंदूक पहिल्या महायुद्धाच्या आधीची, साइडलॉक (चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली), ३० इंची नळ्यांची आहे. दुसरी वेब्ली अँड स्कॉट कंपनीची बॉक्सलॉक (यंत्रणा मधल्या पेटीतच असलेली), २८ इंची. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही तोलल्या, तेव्हा पहिली २.९५ किलो आणि दुसरी ३.०९ किलो भरली. माझी अडचण अशी की, काट्यावर हलकी असलेली पहिली बंदूक हातात मात्र जड लागते. पंचवीस चकत्यांची एक फेरी संपेपर्यंत डावे मनगट भरून येते. उलट दुसरी चटकन खांद्याला येते, पण चकतीच्या पुढे निघाली की मध्येच थबकते आणि छर्रे मागे राहतात. काटा आणि हात यांच्यात खोटे कोण बोलत आहे?

लंबक:

खोटे कोणीच बोलत नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. काटा एकूण वस्तुमान सांगतो. नेमबाजाच्या हाताला जाणवते ते बंदूक वळवताना होणारा विरोध, म्हणजे जडत्वाघूर्ण, आणि त्यात प्रत्येक ग्रॅमचे महत्त्व तो तोलबिंदूपासून किती लांब आहे याच्या वर्गाने वाढते. नळीच्या तोंडाशी असलेले पन्नास ग्रॅम आणि दोन हातांच्या मधल्या लोखंडातले पन्नास ग्रॅम काट्याला सारखेच, मनगटाला मुळीच नाहीत.

हे घरी मोजता येते. बंदूक रिकामी आहे याची नळ्या उघडून दोनदा खात्री करावी, मग ती मिटवून आधी तोलबिंदू शोधावा आणि तो बिजागरीच्या खिळीच्या पुढे आहे की मागे, हे सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावे. नंतर सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांनी, तोलबिंदूपासून दोन्ही बाजूंना सारखे अंतर ठेवून, ती आडवी टांगावी. मी दोऱ्या एक मीटरच्या आणि अंतर पंधरा-पंधरा सेंटिमीटर ठेवतो. बंदूक आडव्या पातळीत थोडी पिळून सोडावी आणि दहा पूर्ण झोक्यांचा वेळ घ्यावा. दोन्ही बंदुकांना दोऱ्या व अंतरे तीच ठेवली, तर वेळेचा वर्ग गुणिले वजन या हिशेबाने त्यांची थेट तुलना होते, सूत्र पाठ असण्याची गरज नाही. झोका लहान ठेवा, आणि खाली गादी अंथरायला विसरू नका.

बर्मिंगहॅमकर:

मी बरीच वर्षे इथे इंग्लंडमध्ये जुन्या दुनळ्यांनीच चकत्या फोडतो, म्हणून काट्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलतो. एकूण वजनाला अर्थ आहे, तो धक्क्यापुरता. बर्मिंगहॅमचे जुने बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने चालणारा जुना आडाखा असा की, बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. २८ ग्रॅमच्या काडतुसाला त्याप्रमाणे सुमारे २.६९ किलो लागतात, ३२ ग्रॅमला ३.०७ किलो आणि ३६ ग्रॅमला जवळजवळ साडेतीन. तुमच्या दोन्ही बंदुका २८ ग्रॅमला पुरून उरतात, ट्रॅप या चकत्यांच्या स्पर्धाप्रकारातल्या २४ ग्रॅमला तर नक्कीच. त्यामुळे धक्क्याच्या कारणाने निवड करण्याचे प्रयोजन नाही. ३६ ग्रॅमची काडतुसे मात्र दोहोंतही घालू नयेत.

अमेरिकन दुनळ्या याहून भरभक्कम असतात. १९३१ मध्ये बाजारात आलेली विंचेस्टरची मॉडेल २१ साडेतीन किलोच्या आसपास जाते, आणि तिचा पुढचा लाकडी हातधराही बहुधा रुंद असतो. इंग्रजी बंदुकीचा हातधरा नावापुरताच. डावा हात प्रत्यक्षात नळ्यांवरच असतो. म्हणूनच इंग्रज कारागिरांनी नळ्यांच्या भिंती पुढे पातळ करत नेण्यावर एवढी मेहनत घेतली. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल तर २५ इंचांपर्यंत खाली आले, आणि त्या आखूड नळ्यांवरून तेव्हापासून वाद चालू आहे. माझे मत विचाराल तर, आखूड बंदूक लवकर निघते आणि तितक्याच लवकर थांबते. तुमची दुसरी बंदूक २८ इंची, म्हणजे आखूड मुळीच नाही, पण थबकण्याची तक्रार त्याच जातीची आहे.

तुमची तुलना मूळ बंदुकांची आहे का, हे आधी पाहा. शंभर वर्षांत नळ्या तोंडाकडून कापलेल्या असू शकतात. तसे असेल तर चोक, म्हणजे तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेला भाग, नाहीसा झालेला असतो आणि तोल मागे सरकलेला असतो. मूळ नळ्या कापून त्यांच्या बुडाशी नव्या नळ्या बसवलेल्या असतील, तर वजन वाढते आणि नळीवर तशी इंग्रजी नोंद असते.

करवीरकर:

दोघांचेही मनापासून आभार. काल लंबकांच्या पद्धतीने दोन्ही टांगल्या. पहिलीला दहा झोक्यांना ३७ सेकंद लागले, दुसरीला ३४. पहिलीचा तोलबिंदू खिळीच्या तीन सेंटिमीटर पुढे आहे, दुसरीचा बरोबर खिळीवर. चोक दोन्हींत शाबूत आहे आणि नळ्या बदलल्याची नोंद कुठे दिसली नाही.

लंबक:

मग हिशेब सरळ आहे. वेळेच्या वर्गांचे गुणोत्तर १.१८, वजनांचे ०.९५५, गुणाकार १.१३. काट्यावर १४० ग्रॅमने हलकी असलेली तुमची पहिली बंदूक वळायला १३ टक्के जास्त विरोध करते. हेही फक्त तोलबिंदूभोवतीचे झाले. बंदूक खांद्याला लागली की ती खांद्याभोवती फिरते, आणि पुढे सरकलेला तोल तिथे आणखी भर घालतो. मनगट भरून येते ते त्या तीन सेंटिमीटरांमुळे, कारण तेवढा जास्त भार डाव्या हातावर पडतो. पण तोच विरोध बंदूक एकदा निघाल्यावर तिला थबकू देत नाही.

माळरान:

आकडे मान्य करूनही एक शंका मांडतो. दस्त्याची लांबी, त्याचा उतार आणि बाजूचा कल यांचा अंगाशी मेळ नसेल, तर कितीही समतोल बंदूक बेढबच वाटते. करवीरकरांचे वडील त्यांच्याहून उंच होते का? दस्ता लांब असेल तर डावा हात नकळत मागे येतो, आणि मग बंदूक पुढे जड वाटणारच. दोन्ही बंदुकांचे पहिल्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे माप घेऊन सांगावे.

करवीरकर:

वडील माझ्यापेक्षा चार बोटे उंच आहेत. पहिलीचे माप ३८ सेंटिमीटर, दुसरीचे ३६.५. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

बर्मिंगहॅमकर:

म्हणजे पहिलीच्या तक्रारीतला काही भाग दस्त्याचा आहे, आणि तो चांगल्या कारागिराकडून कमी करून घेता येतो. मात्र कापायची घाई करू नका. मागचे लाकूड गेले की तोल आणखी थोडा पुढे जाईल, म्हणून आधी हात सेंटिमीटरभर पुढे धरून दोन फेऱ्या करून पाहा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिलीचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, मोजून घ्या. १९२५ पूर्वीच्या इंग्रजी प्रूफमध्ये, म्हणजे नळी दाबाला तपासल्याच्या शिक्क्यांत, चौकटीत १२ आणि सी ही खूण असते. तिच्यावरून चेंबर तीन इंचांहून कमी आहे एवढेच कळते. ते ६५ मिलिमीटरचे असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसले तरी त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही व दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे घेत असाल तर खोक्यावरची लांबी वाचून घ्या. नळ्यांच्या भिंतींची जाडीही मापकाने तपासायला हवी. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेली नळी मी स्वतः वापरत नाही. तुमचे ३७ सेकंद पाहता पुढचे लोखंड फारसे घासले गेले नसावे, पण तो अंदाज झाला. हे माप येईपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही बंदुकीच्या कागदांना हात लावू नका.