मदत हवी आहे: वर्गातील आणि ऑनलाइन मुलांचे लेखी प्रश्न एकाच तासात कसे घ्यावेत?

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला रसायनशास्त्र शिकवते. वर्गात ७८ मुले आहेत. कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली आणि आता पुस्तक एकदम इंग्रजीत. अशा वर्गात "काही शंका?" असे विचारल्यावर पहिल्या बाकावरचे नेहमीचे तिघे-चौघे सोडले तर कोणीही तोंड उघडत नाही.

त्यातच आमचे काही तास मिश्र पद्धतीने होतात. अक्कलकोट आणि मंगळवेढ्याकडून एसटीने येणारी मुले आषाढीच्या दिवसांत गाड्या पंढरपूरकडे वळवल्या की अडकतात, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातलीही वेळेवर पोहोचत नाहीत. तेव्हा मी मोबाइल स्टँडवर लावून गूगल मीटवरून तोच तास दाखवते.

या वर्षी मी फळ्याच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड चिकटवला. तो स्कॅन केला की गूगल फॉर्म उघडतो आणि त्यात नाव न लिहिता प्रश्न विचारता येतो. ऑनलाइन मुलांना त्याचाच दुवा पाठवते. कोड पाहून मुले बिचकली नाहीत, कारण बालभारतीच्या पुस्तकांवर तो त्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. (पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यात आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचा मोठा वाटा आहे, हे येथे अनेकांना ठाऊक असेलच.) पहिल्याच तासाला १९ प्रश्न आले. त्यांतला एक असा होता: "मोल म्हणजे आकडा की वजन?"

हा प्रश्न मी इतकी वर्षे शिकवत असूनही मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी स्वतःलाही विचारला नव्हता. डझन म्हणजे १२ नग, तसा मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, असे आपण सांगतो आणि लगेच ग्रॅममधली गणिते सोडवायला घेतो. मुलाचा गोंधळ अगदी रास्त होता, कारण १९७१ पासूनची मोलची व्याख्याच १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर, म्हणजे वजनाच्या आधाराने केलेली होती. २० मे २०१९ पासून मात्र ती थेट ठरावीक संख्येवर आली. त्या एका प्रश्नावर अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. प्रश्न कोणाचा होता, ते मला अजून कळलेले नाही.

अडचण त्यानंतर सुरू झाली. एकमेकांचे प्रश्न दिसावेत आणि आवडलेल्या प्रश्नाला मत देता यावे म्हणून मी स्लायडो वापरून पाहिले आणि प्रश्नांची यादी प्रोजेक्टरवर तशीच उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी एका मुलीच्या टोपणनावावरून वाईट चेष्टा लिहिली. मी फळ्याकडे वळलेली असल्यामुळे ती पुसेपर्यंत सर्वांनी वाचली होती. ती मुलगी दोन दिवस आली नाही. चूक माझी होती. यादी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पडद्यावर जायला नको होती. आता वरिष्ठांचा आग्रह आहे की नाव सक्तीचे करावे. तसे केले, तर १९ चे ४ झाले, आणि ते चारही पहिल्या बाकावरचे.

दुसरे असे की ऑनलाइन मुलांपर्यंत आवाज काही क्षण उशिरा पोहोचतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न येईपर्यंत मी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. शिवाय काहींच्या मोबाइलवर फॉर्म उघडताना लॉगिन मागितले जाते आणि ती मुले तेथेच सोडून देतात. आपल्यापैकी कोणी यातून वाट काढली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (बार्शी)

मॅडम, नाव वर्गापासून लपवणे आणि नाव शिक्षकापासून लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला घडी घातलेल्या चिठ्ठीतून एक सांकेतिक क्रमांक देतो. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी फक्त वर्गशिक्षकांच्या कपाटात असते आणि गैरप्रकार झाला तरच उघडली जाते, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेले असते. तुमच्या वरिष्ठांनाही हे पटावे. फॉर्ममध्ये मोबाइल क्रमांक किंवा ईमेल मात्र घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि अकरावीची मुले त्यातच मोडतात.

प्रतिसाद २ (सोलापूर)

लॉगिनचे कारण बहुधा फॉर्मच्या सेटिंगमध्ये आहे. "एकच उत्तर" अशी मर्यादा घातली असेल तर गूगलला माणूस ओळखावा लागतो, म्हणून ते लॉगिन मागते. ती मर्यादा काढा आणि ईमेल गोळा करण्याचा पर्यायही बंद करा. संस्थेच्या खात्यावरून फॉर्म बनवला असल्यास तो संस्थेबाहेरच्यांनाही खुला आहे ना, तेही पाहा.

उशिराच्या प्रश्नांसाठी मी साधारण १२ मिनिटांनी थांबतो, पाणी पितो आणि तोपर्यंत कोणीच बोलायचे नाही असा नियम आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांबतात आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. ऑनलाइन मुलांसाठी मी हा थांबा अर्ध्या मिनिटाचा केला आहे. प्रश्नाआधी फळ्यावरचा मुद्दा-क्रमांक लिहायला सांगितल्यामुळे उशिरा आलेला प्रश्नही नेमका कशाबद्दल आहे ते कळते.

प्रतिसाद ३ (पंढरपूर)

माझे मत थोडे वेगळे आहे. हातात मोबाइल दिला की निम्मी मुले रील्समध्ये जातात, आणि ज्याच्या घरी एकच मोबाइल असतो व तो वडील कामावर नेतात, त्याने काय करायचे? मी बाकामागे एकच मोबाइल ठेवतो, तिघांनी ठरवून प्रश्न लिहायचा. ज्याला तेही नको त्याने दाराजवळच्या डब्यात चिठ्ठी टाकावी. चिठ्ठ्या आणि फॉर्ममधले प्रश्न मी एकत्रच वाचतो, म्हणजे कोणता प्रश्न कोठून आला हे कोणाला कळत नाही.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. लॉगिनची अडचण कालच सुटली. "एकच उत्तर" हीच मर्यादा घातलेली होती. सांकेतिक क्रमांकांची कल्पना वरिष्ठांसमोर मांडली असून त्यांनी एका महिन्याची परवानगी दिली आहे. प्रोजेक्टरवर आता काहीही थेट दिसत नाही. मीच निवडून प्रश्न मोठ्याने वाचते. सोमवारी पाणी पिण्याचा थांबाही घेऊन पाहिला. पहिली दहा सेकंदे मला फार अवघड गेली, मग मंगळवेढ्याच्या एका मुलाचा ऑनलाइन प्रश्न आला: "मॅडम, मुद्दा ३, अणू दिसत नाहीत तर मोजले कोणी?" बार्शीच्या सरांना एक विचारायचे राहिले: सांकेतिक क्रमांक मुले आपसांत बदलतात का, आणि तसे झाल्यास आपण काय करता?