टीसीपीडम्पला मल्टिकास्ट दिसतंय, पण दुसऱ्या कार्डावर एक पॅकेट जात नाही

रात्रपाळी७

मंडळी, तीन रात्री यात गेल्या. जाणकारांनी बघा जरा.

लिनक्स सर्व्हर, तीन नेटवर्क कार्डं. एनो१ वर मॅनेजमेंट आणि डिफॉल्ट रूट. एनो२ चा पत्ता १०.१०.२०.२, समोर लेअर-३ स्विच (१०.१०.२०.१) आणि त्याच्या पलीकडे कॅमेरे, १०.१०.४०.०/२४ मध्ये. एनो३ वर १०.१०.६०.१, तिकडे कंट्रोल रूमचे सहा डिस्प्ले. कॅमेरे २३९.१०.४०.५ या मल्टिकास्ट ग्रुपवर (एकदाच पाठवायचं, ज्यांनी ग्रुप जॉइन केलाय त्या सगळ्यांना मिळतं), यूडीपी ५००४ वर चित्र सोडतात. ते एनो२ वरून उचलून एनो३ वर टाकायचं, एवढंच काम. "एवढंच" हा शब्द साहेबांचा, माझा नाही.

एसएमसीरूट (मल्टिकास्टचे रूट हाताने लिहून देण्याचा प्रोग्राम) बसवलाय. कॉन्फिगमध्ये एनो२ वर ग्रुप जॉइन करणारी एमग्रुपची ओळ आहे आणि एनो२ वरून एनो३ कडे नेणारी एमरूटची. आयपी फॉरवर्ड १ केलं. फायरवॉल पूर्ण उतरवून पाहिली. एमसी-फॉरवर्डिंग या कर्नलच्या सेटिंगमध्ये (मल्टिकास्ट पुढे ढकलायचं की नाही) हाताने १ लिहायला गेलो तर अॅडमिन (रूट युजर) असूनही परवानगी नाकारतो, हे काय नाटक आहे?

एनो२ वर टीसीपीडम्प (कार्डावर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला की पॅकेटांचा धबधबा. एनो३ वर शुकशुकाट. शेवटी सर्व्हरवरच पायथनचा चार ओळींचा रिसीव्हर चालवला, तोही उपाशी. त्यात जॉइन करताना इंटरफेसच्या जागी आधी ०.०.०.० दिलं होतं आणि तो डिफॉल्ट रूट बघून एनो१ वर जाऊन बसला होता. ते कळल्यावर एनो२ चा पत्ता दिला, आयपी एमअॅडरमध्ये ग्रुप एनो२ खाली दिसतोय. तरी उपाशीच.

जुना_कर्नल

एमसी-फॉरवर्डिंगचं सोडा. ते फक्त वाचायला आहे, राउटिंग डेमन (तुमच्याकडे एसएमसीरूट) सुरू झाला की कर्नल स्वतःच १ करतो. आयपी फॉरवर्डही युनिकास्टसाठी, त्याने इथे काही हलणार नाही.

तुमच्या पोस्टमधली कामाची गोष्ट तो उपाशी रिसीव्हर आहे. पॅकेट सर्व्हरच्याच प्रोसेसला मिळत नसेल तर एमरूटला दोष देऊन उपयोग नाही, ते त्याच्या आधीच मरतंय. टीसीपीडम्प दारातच उभा असतो. आत येऊ दिलं की नाही ते त्याला कळत नाही.

कॅमेरे १०.१०.४०.x मधले आणि तुमचा डिफॉल्ट रूट एनो१ वर. कर्नलच्या हिशेबाने कॅमेऱ्याला उत्तर द्यायचं तर एनो१ मधून जायचं, मग त्याचं पॅकेट एनो२ वर कसं आलं? आरपी-फिल्टर (पॅकेट अपेक्षित कार्डावरूनच आलं का ते तपासणारी कर्नलची चाळणी) स्ट्रिक्ट असेल तर मुकाट्याने टाकून देतो, लॉगमध्ये अक्षर नाही. एनस्टॅटमध्ये (कर्नलची मोजणी दाखवणारी कमांड) आयपी-रिव्हर्स-पाथ-फिल्टरचा आकडा वाढतोय का बघा.

रात्रपाळी७

पण एनो२ चं आरपी-फिल्टर मी पहिल्याच रात्री ० केलं होतं की!

आकडा मात्र पळतोय. रिक्षाच्या मीटरसारखा.

जुना_कर्नल

आणि "ऑल" (सगळ्या कार्डांसाठीचं) खालचं? तिथे १ असणार. कर्नल "ऑल" आणि त्या कार्डाचं, दोन्हींतलं मोठं मूल्य धरतो. एकट्या एनो२ ला ० देऊन फिल्टर सुटत नाही. यात भलेभले फसलेत, मीही.

पण माझं ऐकाल तर फिल्टर बंद करूच नका. १०.१०.४०.०/२४ चा रूट १०.१०.२०.१ मार्गे एनो२ वर टाका. कॅमेरे खरंच त्याच बाजूला आहेत, तर राउटिंग टेबललाही तसंच सांगा. मग स्ट्रिक्ट असलं तरी अडणार नाही.

रात्रपाळी७

रूट टाकला आणि रिसीव्हर त्याच क्षणी जेवायला लागला!! तीन रात्री एका ओळीसाठी.

पण एनो३ अजून कोरडाच. आयपी एमरूटला एस लावून पाहिलं तर पॅकेटांची मोजणी वाढतेय, म्हणजे नोंद लागू पडतेय. तरी बाहेर काही नाही.

तारेवरची

टीसीपीडम्पला व्ही लावा आणि टीटीएल वाचा (पॅकेटचं उरलेलं आयुष्य, प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो). पैज लावते, १ असेल.

रात्रपाळी७

१ आहे. 🙏

तारेवरची

मल्टिकास्टचा टीटीएल प्रोग्राममध्ये मुद्दाम वाढवला नाही तर १ च असतो. तुमच्या कॅमेऱ्यात २ असावा, एक लेअर-३ स्विचने खाल्ला. पुढे ढकलायचं तर टीटीएल त्या इंटरफेसच्या थ्रेशोल्डपेक्षा (ठरवलेल्या किमान मर्यादेपेक्षा) जास्त हवा, आणि थ्रेशोल्ड किमान १. एकाहून एक मोठा कसा होणार? मोजणी मात्र टीटीएल बघायच्या आधीच होते, म्हणून आकडा तुम्हाला फसवतोय.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ८ वगैरे करा. तिथे सोय नसेल तर आयपीटेबल्सच्या मँगल टेबलमध्ये, प्रीराउटिंगला टीटीएल वाढवता येतो. पण तो जुगाड, कुठे लूप असेल तर पॅकेटं फिरतच राहतील.

रात्रपाळी७

२ च होता, तुम्ही म्हणालात तसा. ८ केला आणि सहाही डिस्प्लेंवर चित्र आलं. मी फोटो काढून साहेबांना पाठवला, आणि तेवढ्यात सहाही गोठले. डिस्प्ले रीस्टार्ट केले की येतं, चार-सव्वाचार मिनिटांनी परत जातं. फोटो पाठवायची घाई नडली.

तारेवरची

घड्याळ लावून बघा, २६० सेकंद भरतील. एनो३ कडच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कोणता ग्रुप हवा ते ऐकून तेवढ्यालाच देणं) चालू आहे आणि क्वेरिअर, म्हणजे "कोणाला काय हवं" असं ठरावीक वेळाने विचारणारा, कोणीच नाही. डिस्प्ले सुरू होताना एकदा "मला हा ग्रुप हवा" म्हणतो, पुन्हा कोणी विचारलं तरच बोलतो. विचारणारं कोणी नाही, म्हणून स्विच नोंद पुसून टाकतो. दर १२५ सेकंदांनी प्रश्न, दोन फेऱ्या आणि वर १० सेकंद उत्तराला, असा तो हिशेब. एसएमसीरूट स्टॅटिक आहे, तो क्वेरी पाठवत नाही.

स्विचवर क्वेरिअर चालू करा, त्या व्हीलॅनमध्ये (डिस्प्लेंच्या नेटवर्कमध्ये) स्विचला पत्ता द्या.

पोर्ट_बंद

नाहीतर सरळ स्नूपिंगच बंद करा, दोन मिनिटांचं काम.

तारेवरची

हो, आणि मग त्या स्विचवरच्या प्रत्येक पोर्टवर व्हिडिओ ओता. प्रिंटरलाही बघू दे.

रात्रपाळी७

क्वेरिअर चालू केला. दोन तास झाले, चित्र जागचं हललेलं नाही, म्हणजे हलतंय. रूट कॉन्फिग फाइलमध्ये लिहिला आणि सर्व्हर रीबूट करून पाहिला, सगळं आपापलं उठलं. चौथा डिस्प्ले मधेच काळा होतो, पण बाकीचे पाच चालू असताना एकटाच होतो, त्यामुळे उद्या आधी केबल बदलतो.

साहेबांना दुसरा फोटो अजून पाठवलेला नाही.