मदत हवी आहे: पोरं जर्नलमध्ये १०० च लिहितात!

मंडळी, मी पुण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. एफवायबीएस्सी, २० जणांची बॅच.

मंगळवारी थर्मामीटर तपासायचं प्रॅक्टिकल होतं. बर्फात शून्य ठीक आलं. मग वाफेत धरला, तर पारा ९८ च्या जरा वर येऊन थांबला, पाच मिनिटं हलेना. समोरच्या मुलीने तो नीट पाहिला आणि जर्नलमध्ये १०० लिहिलं. "अगं, दिसतंय किती?" तर म्हणाली, "मॅडम, थर्मामीटर खराब आहे." सगळ्या बॅचचं १००. एकाचं ९९.८, तो हुशार, थोडी चूक दाखवावी हे त्याला कळतं.

आता पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. हवेचा दाब समुद्रकाठसारखा पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर नाही, ७१ च्या आसपास. दाब कमी, म्हणजे पाणी ९८ लाच उकळणार! पण पोरांना काय बोलू? आमच्या मॅन्युअलमध्येच 'प्रमाणित किंमत १००' छापलंय आणि फरक आला की मार्क जातात.

मॅन्युअल बदलणं माझ्या हातात नाही, मार्क देणं मात्र आहे. खऱ्या रीडिंगला मार्क द्यायचे कसे? जागेवरच रीडिंगवर सही करायची पद्धत कुणी चालवली आहे का? सिंहगडावर नेऊन पाणी ९६ च्या आसपास उकळताना दाखवावं असंही फार वाटतं, पण परवानग्यांच्या विचारानेच दमायला होतं.

जुना लॅबवाला: सहीचं सोडा, सही झाल्यावरही आकडे बदलतात. आधी बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, वाचायला लावा. दाब २.७ सेंमीने उतरला की उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. आज किती यायला हवं ते पोरांनीच काढू दे. सिंहगडाऐवजी बिनसुईची सिरिंज घ्या, सत्तरेक अंशाचं पाणी थोडंसं भरा, टोपण लावून दट्ट्या ओढा. खळखळ उकळतं.

धागाकर्ती: सिरिंज उद्याच करते. पण मग सगळे गणित करून ९८.२ लिहितील हो!

जुना लॅबवाला: म्हणूनच दोन-तीन थर्मामीटर मुद्दाम चुकीचे ठेवायचे. कुठले ते फक्त तुम्हाला माहीत.

धागाकर्ती: ते शोधावे लागणार नाहीत, भरपूर आहेत. बॅरोमीटर मात्र एचओडी सरांच्या केबिनमध्ये कुलपात आहे. उद्या किल्ली मागून बघते.