आयबी डिप्लोमाचा कोअर: 3 गुणांसाठी किती वेळ द्यायचा?

दहावीनंतर_पुढे
मुलीचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा ऑगस्टपासून सुरू होतोय. सहा विषयांचं गणित कळलं. पण टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, ज्ञानाबद्दलचा विषय), एक्स्टेंडेड एसे (ईई, दीर्घ संशोधन निबंध) आणि कॅस (क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस हे उपक्रम) मिळून जो ‘कोअर’ आहे, त्याला 45 पैकी फक्त 3 गुण दिसतात. पहिल्या वर्षी विषयांवर भर देऊन कोअर दुसऱ्या वर्षी केला तर चालेल का?

शब्दमर्यादा
नका करू तसं. गुण 3 असले तरी डिप्लोमा तिथेच अडतो. टीओके आणि ईई, दोन्हींना ए ते ई श्रेणी असते. ए-ए किंवा ए-बी आलं तर 3 गुण, दोन्ही सी आले तर 1, सी-डी आलं तर शून्य. पण दोन्हींपैकी एकातही ई आली, तर विषयांत 38 गुण असूनही डिप्लोमा मिळत नाही. कॅसला गुणच नाहीत, तरी ते अपुरं राहिलं की तोच निकाल.

सगळ्यात जास्त वेळ ईई खातो. मर्यादा 4000 शब्द, विद्यार्थ्याचं काम साधारण 40 तासांचं, मार्गदर्शक शिक्षकांबरोबर तीन सक्तीच्या बैठका आणि त्यातली शेवटची तोंडी. घोळ होतो तो प्रश्न ठरवताना. ‘लिंबातलं क जीवनसत्त्व’ हा नुसता विषय झाला. ‘लिंबाचा ताजा रस 5, 15, 25, 35 आणि 45 अंशांना 24 तास ठेवला तर त्यातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड किती घटतं?’ हा प्रश्न. आयोडीन टायट्रेशन (रसात थेंबाथेंबाने आयोडीन टाकून मोजणं) शाळेच्या लॅबमध्ये होतं, प्रत्येक तापमानाला निदान तीन रीडिंग घ्यायची. लिंबाऐवजी कोकम घेतलं, तर त्याच्या लाल रंगात स्टार्चचा निळा-काळा एंड पॉइंट (टायट्रेशन कुठे थांबवायचं ते सांगणारा रंगबदल) धड दिसत नाही. हे उन्हाळ्याच्या सुट्टीत, लॅब बंद असताना कळून उपयोग नाही. म्हणून सुट्टीआधी एकदा तरी प्रयोग करून पाहायचा.

आणखी दोन गोष्टी. हाच प्रयोग केमिस्ट्रीच्या आयएला (इंटर्नल असेसमेंट, त्या विषयाचं अंतर्गत मूल्यमापन) पुन्हा वापरता येत नाही. आणि 4000 शब्दांपुढचं परीक्षक वाचत नाहीत. निबंध लांबला की न वाचलेला भाग नेमका निष्कर्षाचा असतो.

खडू_फळा
टीओकेबद्दल. एकूण 100 तास, मूल्यमापन दोन भागांत. प्रदर्शन बहुतेक शाळा पहिल्याच वर्षी घेतात: ठरलेल्या 35 प्रश्नांपैकी एक, शब्दही न बदलता, त्याच्याशी जोडलेल्या तीन वस्तू आणि 950 शब्दांचं लेखन. निबंध 1600 शब्दांचा, त्या सत्रासाठी दिलेल्या सहा शीर्षकांपैकी एकावर. तो बाहेरचे परीक्षक तपासतात आणि त्याचं वजन दोन तृतीयांश असतं.

प्रदर्शनात मुलं हमखास चुकतात ती वस्तूंत. ‘ज्ञानाची मालकी कोणाची?’ या प्रश्नाला ‘एक पुस्तक’ म्हणून इंटरनेटवरचं कुठलंही चित्र लावलं की गुण जातात. वस्तू ठरावीक हवी, तिला स्वतःचा काळ आणि जागा हवी. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत 1995 साली दिलेलं आणि सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेच्या आक्षेपानंतर 1997 मध्ये रद्द झालेलं पेटंट घ्या. आजीच्या हातची घरगुती औषधांची वही त्याच्या शेजारी ठेवा. प्रश्न लगेच जिवंत होतो. मात्र ही वस्तू इथे का, हे प्रत्येक वस्तूसाठी वेगळं लिहायचं.

दहावीनंतर_पुढे
खूप मदत झाली. कॅसला 150 तास भरावे लागतात असं ऐकलं, ते खरं का?

रोजनिशी
तो जुना हिशेब. आता तास मोजत नाहीत. साधारण 18 महिने सातत्य लागतं, सातही अपेक्षित निष्पत्तींचा पुरावा लागतो आणि निदान एक महिना चालणारा, इतरांबरोबर केलेला एक प्रकल्प लागतो. समन्वयकांबरोबर तीन मुलाखती होतात. पैसे मिळणारं काम धरत नाहीत. मुलं उपक्रम भरपूर करतात आणि नोंदी शेवटच्या महिन्यात एकदम लिहायला बसतात. तेव्हा ‘छान वाटलं’ याच्या पलीकडे काही आठवत नाही. उपक्रम झाला त्याच आठवड्यात फोटो आणि पाच-सहा ओळी: काय अडलं, काय बदललं.

शब्दमर्यादा
एक राहिलं. मे 2027 च्या परीक्षेपासून ईईची नवी मार्गदर्शिका लागू आहे. एकूण गुण 34 ऐवजी 30, आणि 500 शब्दांचं चिंतन एकाच तुकड्यात, तोंडी झाल्यावर लिहायचं. वरच्या वर्गातल्या मुलांचे जुने नमुने मिळाले तर विषय मांडणीसाठी पाहा, गुणांचा तक्ता मात्र त्यातून घेऊ नका.