धावण्याचीच ओढ का
बॅडमिंटन किंवा पोहणे सोडून नुसते धावण्यात काय रमायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, त्याला माझे उत्तर थोडे स्वार्थी आहे: धावायला मला कोणाची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या क्रिकेट संघात मी कायम बारावा गडी होतो आणि पुढे बॅडमिंटनचा जोडीदार हमखास आयत्या वेळी 'आज जमत नाही' असे कळवायचा.

साताऱ्यात राहत असल्यामुळे रस्त्याचीही चैन आहे. पहाटे यवतेश्वरचा घाट चढू लागलो की पहिली १० मिनिटे धाप लागते, पोटऱ्या भरून येतात आणि मग केव्हातरी, बहुधा खाली शहराचे दिवे दिसणाऱ्या वळणावर, पावलांची आणि श्वासाची लय जुळते. तीन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर. त्या लयीसाठीच मी धावतो. याच घाटातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये साठीच्या एक बाई मला सहज मागे टाकून गेल्या, तेव्हा वाईट वाटण्याऐवजी गंमतच वाटली, कारण माझी चुरस माझ्याच मागच्या वेळेशी होती. (२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या, आमची मजल अर्थातच तिथवर नाही.)

धावल्याने गुडघे दुखतात, हा नेहमीचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. उतारावर लांब ढांगा टाकल्यामुळे माझा उजवा गुडघा दीड महिना धरला होता. पावले आखूड केल्यावर तो त्रास थांबला.