भोजन ठेकेदाराचे देयक प्रमाणित करण्यापूर्वी कामगारांची देणी कशी तपासावीत?

प्रश्न (गृहपाल, शासकीय मुलींचे वसतिगृह)

नमस्कार. आमच्याकडे शंभर विद्यार्थिनींच्या भोजनाचे काम ठेकेदाराकडे असून स्वयंपाकघरात सात जणी राबतात. देयकासोबत ठेकेदार दरमहा भविष्य निर्वाह निधीच्या चलनाची प्रत जोडतो आणि त्या आधारे ‘कामगारांची देणी दिली आहेत’ असा दाखला मी देते. मागील आठवड्यात पोळ्या करणाऱ्या मावशींनी बोलता बोलता सांगितले, की त्यांना सहा हजार रुपये रोख मिळतात आणि पीएफचा क्रमांक त्यांना कधी कोणी दिलेलाच नाही. ठेकेदाराला विचारले, तर “वीसपेक्षा कमी माणसे आहेत, पीएफचा कायदा लागू नाही,” असे उत्तर मिळाले. मग जोडलेले चलन कोणाचे? दाखल्यावर सही माझी आहे, म्हणून हे मनाला फार लागले आहे.

उत्तर १ (पीएफ व वेतनपत्रकांचे काम करणारा)

मॅडम, वीस ही संख्या एका स्वयंपाकघरापुरती मोजायची नसते. त्याच ठेकेदाराची इतर वसतिगृहांतील माणसेही त्यात धरली जातात. किमान वेतनाला तर संख्येची अटच नाही, एकच कामगार असला तरी ते द्यावेच लागते. कर्मचारी राज्य विम्यासाठी (ईएसआय) सर्वसाधारणपणे दहा कामगार आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंतचे वेतन ही मर्यादा आहे.

चलनावर केवळ एकूण रक्कम असते, नावे नसतात. त्यासोबतचे ईसीआर, म्हणजे कामगारनिहाय पीएफ भरणा दाखवणारे विवरणपत्र मागा आणि त्यातील नावे व यूएएन (प्रत्येक कामगाराचा पीएफ क्रमांक) आपल्या हजेरीपटाशी एकेक करून ताडून पाहा. मात्र तो हजेरीपट ठेकेदाराने महिनाअखेरीस लिहून आणलेला नसावा, रोज स्वयंपाकघरातच भरलेला असावा.

उत्तर २ (गृहपाल, दुसरा जिल्हा)

आमच्याकडे वेतन बँकेत जमा होत होते, तरीही फसवणूक होतीच, कारण सर्वांची एटीएम कार्डे ठेकेदाराच्या मुकादमाकडे होती. बँकेची यादी पाहून मी निर्धास्त राहिले, ही माझी चूक. म्हणून ठेकेदार हजर नसताना प्रत्येकीशी स्वतंत्रपणे बोला. पासबुक आणि कार्ड कोणाकडे असते, पहाटे किती वाजता येता, रात्री किती वाजता सुटता, हे विचारा. मावशींचे नाव मात्र ठेकेदाराला द्यायच्या पत्रात मुळीच येऊ देऊ नका. सातही जणींची कागदपत्रे मागा, म्हणजे तक्रार कोणी केली हे उघड होणार नाही.

प्रश्नकर्ती

तीच भीती होती. ठेकेदाराने पैसे दिलेच नाहीत, तर जबाबदारी आपल्या कार्यालयावर येते का?

उत्तर १

ठेकेदाराने थकवलेले किंवा कमी दिलेले वेतन काम देणाऱ्या कार्यालयाने द्यावे आणि ते ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही, ठेकेदाराकडे पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असल्यास, ती कायम आहे. संख्या त्याहून कमी असेल, तर करारनाम्यातील अटी विशेष महत्त्वाच्या. त्या बारकाईने वाचा.

संपूर्ण देयक अडवू नये, असे माझे मत आहे, कारण ठेकेदार त्याचा भार आधी याच बायकांच्या पगारावर टाकतो. करारनाम्यात मुभा असल्यास कमी दिलेल्या वेतनाच्या फरकाची रक्कम तेवढी रोखण्याची शिफारस करा, आणि पडताळणी होईपर्यंत दाखला देता येत नाही, असे वरिष्ठांना लेखी कळवा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. सात जणींच्या नावांसह ईसीआर मागणारे पत्र सोमवारी देते.